गावातल्या चर्चयार्डमधलं युद्धस्मारक: नावांची माहिती कशी काढायची आणि दगड साफ करावा का?

चांदणवेल

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडात डॉर्सेटमधल्या एका लहान गावात राहतो, एक पब, एक प्रायमरी शाळा आणि जुनं चर्च एवढंच गाव आहे. चर्चच्या फाटकातून आत गेलं की डाव्या हाताला दगडी क्रॉस आहे, खाली अष्टकोनी पायऱ्या आणि त्यावर चौकोनी बैठक, तिच्या तीन बाजूंना पहिल्या महायुद्धात गेलेल्यांची नावं आणि चौथ्या बाजूला दुसऱ्या महायुद्धातली, ती नंतर कोरलीत हे अक्षरांवरून लगेच कळतं. यंदा नोव्हेंबरात रिमेम्ब्रन्स संडेला, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाच्या रविवारी, ही नावं मोठ्याने वाचायचं काम चर्चचा कारभार बघणाऱ्या चर्चवॉर्डनबाईंनी माझ्याकडे दिलंय. इथे येऊन बरीच वर्षं झाली तरी असं काही कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं, मला फार मोलाचं वाटतंय ते. म्हणूनच किराणा यादी वाचल्यासारखं वाचायचं नाहीये, ही माणसं कोण होती हे थोडं तरी कळून घ्यायचंय.

आता प्रश्न. क्रॉसवर १९१४-१९१९ असं कोरलंय, युद्ध तर १९१८ ला संपलं ना? नावं नुसती आद्याक्षरं आणि आडनाव अशी आहेत, कुणाची रँक नाही, फक्त काहींच्या पुढे रेजिमेंट, आणि एकाच्या पुढे "डॉर्सेट रेजिमेंट, मेसोपोटेमिया १९१६" (मेसोपोटेमिया म्हणजे आताचा इराक) असं जेमतेम वाचता येतं. एक आडनाव तीनदा आलंय, ते भाऊ असतील का? शिवाय चर्चयार्डच्या मागच्या भिंतीजवळ दोन पांढऱ्या, अगदी एकसारख्या सैनिकी कबरी आहेत, त्यातलं एक नाव क्रॉसवर आहे आणि दुसरं नाही, असं का?

आणि शेवटचं म्हणजे उत्तरेकडच्या बाजूवर शेवाळ आणि दगडफूल इतकं चढलंय की चार-पाच नावं बोटाने चाचपून वाचावी लागतात. नोव्हेंबरच्या आधी आम्ही दोघं जाऊन ब्रशने घासून काढलं तर चालेल का?

---

पायवाट

आधी तारखेचं सांगते. ११ नोव्हेंबर १९१८ ला झाला तो युद्धविराम, म्हणजे लढाई थांबली, पण तह झाला २८ जून १९१९ ला व्हर्सायमध्ये, त्यामुळे ज्या गावांनी तह धरला त्यांनी १९१९ कोरलं आणि ज्यांनी तोफा थांबल्या तो दिवस धरला त्यांनी १९१८. सरकारी नियम असा काही नव्हताच, कारण ही स्मारकं सरकारने बांधलेली नाहीत. गावात कमिटी बसायची, व्हिकार (गावच्या चर्चचे धर्मगुरू), शाळामास्तर, कुणी जमीनदार, दोन-चार शेतकरी, मग घरोघर वर्गणी, आणि त्यातून क्रॉस घ्यायचा की हॉल बांधायचा की चर्चमध्ये पितळी पाटी लावायची यावर महिनोन्महिने वाद. नावं कुणाची घ्यायची तेही तीच कमिटी ठरवायची. जन्म गावातला पण कामाला दुसरीकडे असलेला माणूस दोन-दोन गावांच्या स्मारकांवर सापडतो, आणि एखादा कुठेच सापडत नाही कारण नाव द्यायला मागे घरातलं कुणी उरलंच नव्हतं. मुलगा "बेपत्ता" आहे, येईल परत, म्हणून आईने नाव देऊ दिलं नाही असंही झालंय.

आता पांढऱ्या कबरी. स्मारक आणि कबर यातला फरक एकदा लक्षात आला की बाकी सगळं उलगडत जातं. १९१५ मध्ये ठरलं की परदेशात मेलेल्या सैनिकांचे मृतदेह मायदेशी आणायचे नाहीत. आधी काही श्रीमंत घरांनी स्वतःच्या खर्चाने आणवले होते, ते बंद झालं, आणि १९१७ मध्ये स्थापन झालेल्या इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने (आताचं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन) पुढे तेच धोरण कायम ठेवलं, लॉर्डचा मुलगा असो की गवंड्याचा, जिथे पडला तिथेच आणि दगड सगळ्यांना सारखाच. म्हणजे फ्रान्समध्ये किंवा गॅलिपोलीत मुलगा गेला त्या आईला इथे कबरच नाही. प्रवास परवडणारा नाही आणि कित्येकांचा तर देहही सापडला नाही, फ्रान्समधल्या एकट्या तीएपव्हालच्या स्मारकावर ७२ हजारांहून जास्त बेपत्तांची नावं आहेत. मग तिने फुलं ठेवायची कुठे, तर गावातल्या या क्रॉसच्या पायरीवर. १९२०-२१ च्या सुमाराला जवळपास प्रत्येक गावात हे क्रॉस एकदम उभे राहिले ते यामुळे.

तुमच्या भिंतीजवळचे दोघं बहुतेक इंग्लंडातच वारलेत, इस्पितळात जखमांनी, ट्रेनिंग कॅम्पात किंवा १९१८-१९ च्या फ्लूने. देह देशातच होता म्हणून घरच्यांना गावात पुरता आला. कमिशन पहिल्या युद्धासाठी ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचे मृत्यू धरतं, त्यामुळे क्रॉस उभा राहिल्यावर मेलेल्या माणसाला कमिशनचा दगड मिळाला पण क्रॉसवर नाव आलं नाही, असं होऊ शकतं. दगडावरची तारीख बघा, तुमचं उत्तर बहुधा तिथेच असेल.

रँक नाही कारण तुमच्या कमिटीने मुद्दाम सगळ्यांना एका ओळीत बसवलंय. काही गावांत कर्नलसाहेब सगळ्यात वर आणि शिपाई खाली अशा याद्या आहेत. तुमच्या गावाने तसं केलं नाही याचं मला खरंच कौतुक वाटतं.

---

टाकीचा_घाव

चांदणवेलताई, कृपा करून घासू नका. मी दगडकामातच आहे, जुन्या इमारतींच्या डागडुजीचं काम करतो, आणि असल्या क्रॉसचं सगळ्यात जास्त नुकसान गावातल्या प्रेमळ लोकांनी तारेचा ब्रश, ब्लीच आणि प्रेशर वॉशर घेऊन केलेलं असतं हे मी सारखं बघतो.

डॉर्सेट म्हणजे तुमचा क्रॉस बहुधा पोर्टलंड किंवा पर्बेकचा चुनखडी दगड असेल, किंवा तुम्ही पश्चिमेकडे असाल तर मधासारखा पिवळसर हॅम स्टोन, तो तर आणखी मऊ. शंभर वर्षं हवा खाऊन दगडावर एक पातळ कडक कातडी आलेली असते, कोरलेल्या अक्षराच्या कडा त्या कातडीत असतात. तारेच्या ब्रशने ती एकदा गेली की आतला मऊ भाग उघडा पडतो आणि पुढच्या दहा-पंधरा हिवाळ्यांत अक्षर बसतं. ब्लीच दगडात मुरतं आणि त्याचे क्षार नंतर आतून फुगून पापुद्रे काढतात. प्रेशर वॉशर तर सांध्यातला चुनाच उडवून लावतो, मग पाणी आत शिरतं, थंडीत गोठतं आणि दगड तडकतो.

दगडफुलाचं म्हणाल तर ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं, आणि इंग्लंडातली जुनी चर्चयार्डं ही दगडफुलासाठी महत्त्वाची जागा मानतात, काही दुर्मिळ जाती तिथेच टिकून आहेत. ते खरवडलं तर त्याच्या मुळासारख्या तंतूंबरोबर दगडाचा कणही निघतो. नाव वाचता येत असेल तर आहे तसं राहू द्या. अगदीच वाचता येत नसेल तर माहीतगार माणसाने फक्त स्वच्छ पाणी आणि मऊ केसांचा ब्रश वापरून तेवढाच भाग हलक्या हाताने करावा, तेही थंडी पडायच्या आत, कारण ओला दगड आणि रात्रीचं गोठणं ही जोडी वाईट.

वाचायचीच अडचण असेल तर एक साधा उपाय आहे, अंधार पडल्यावर जा आणि टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून एका बाजूने आडवा प्रकाश टाका, अक्षराच्या खाचेत सावली पडते आणि दिवसा अजिबात न दिसणारं नाव समोर उभं राहतं. फोटोही तसाच काढा, डावीकडून एक आणि वरून एक. खडू, मैदा, शेव्हिंग फोम लावून वाचायचे जे व्हिडिओ फिरतात ते बघून काही लावू नका.

आणि परवानगी. चर्च ऑफ इंग्लंडच्या आवारात असं काम करायचं तर आधी चर्चच्या बाजूने मंजुरी लागते, त्याला फॅकल्टी म्हणतात, डायोसिसच्या (चर्चच्या विभागाच्या) चॅन्सलरकडून, म्हणजे तिथल्या न्यायाधीशाकडून येते, किरकोळ कामाला आर्चडीकन या वरिष्ठ धर्मगुरूंची लेखी संमती पुरते कधीकधी. स्मारक लिस्टेड, म्हणजे संरक्षित वास्तूंच्या सरकारी यादीत असेल तर कौन्सिलकडेही विचारावं लागेल, हिस्टॉरिक इंग्लंडच्या यादीत ऑनलाइन दोन मिनिटांत कळतं. चर्चयार्ड कायद्याने "बंद" झालेलं असेल, म्हणजे तिथे नवीन दफनं थांबलेली असतील, तर आवाराची देखभाल बऱ्याचदा कौन्सिलकडे गेलेली असते, आणि १९२३ च्या एका कायद्याने कौन्सिलांना स्मारकांवर खर्च करायचा अधिकारही आहे. तेव्हा आधी चर्चवॉर्डनबाईंना विचारा की स्मारक नेमकं कुणाच्या ताब्यात आहे, बऱ्याच गावांत हे कुणालाच धड माहीत नसतं. वॉर मेमोरियल्स ट्रस्ट नावाची संस्था याच कामासाठी आहे, फोटो पाठवून सल्ला विचारा.

---

चांदणवेल

बापरे, बरं झालं आधी विचारलं. ब्रश बाजूला ठेवला. टॉर्चचं आजच करते.

पायवाट, तुम्ही लिहिलेलं आईचं वाचून थांबले जरा. त्या पायऱ्यांवर आम्ही पोरांना बसवून सँडविच खायला देतो उन्हाळ्यात. इथल्या कुणी कधी हटकलं नाही, पण आता त्या पायरीकडे मी वेगळ्या नजरेने बघणार.

आता शोध कुठून सुरू करू?

---

रविवारची_सुट्टी

शोधाचं मी सांगतो, माझा हाच छंद आहे.

पहिल्यांदा कमिशनच्या वेबसाइटवर नाव टाका, फुकट आहे. आडनाव, आद्याक्षर, युद्ध, आणि सापडलं तर रेजिमेंट, तारीख, कबर किंवा कुठल्या स्मारकावर नाव आहे ते येतं. काहींच्या पुढे "अमुक गावच्या तमुक यांचा मुलगा" अशी जादा माहिती असते, घरच्यांनी फॉर्म भरून पाठवला असेल तरच. तीच तुमची खूण, गावाचं नाव जुळलं की माणूस पक्का. आडनाव नेहमीचं असेल तर मात्र दहा-दहा माणसं येतात, तिथे घाई करू नका. कबर असेल तर दगडाच्या खालच्या ओळीचीही नोंद बघा, घरच्यांना ६६ अक्षरांपर्यंत स्वतःचा मजकूर देता यायचा, आणि सुरुवातीला अक्षरामागे साडेतीन पेनी मागितले जायचे, त्यामुळे गरीब घरांच्या ओळी तोकड्या किंवा कोऱ्याच.

मग १९११ ची जनगणना. कोण कुठल्या घरात, वय काय, काम काय. डॉर्सेटच्या गावात बहुतेक शेतमजूर, गाडीवान, माळी, खाणीत काम करणारे, असे निघतील. तुमचे ते तीन एका आडनावाचे भाऊ की चुलत हे इथेच कळेल, अंदाजाने भाऊ म्हणू नका. १९२१ ची जनगणनाही आता खुली आहे, ती वाचताना घट्ट मनाने वाचा, कारण त्याच घरात मागे कोण राहिलं ते दिसतं.

सैनिकाची स्वतःची सर्व्हिस फाइल मिळेल याची आशा कमी ठेवा. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडले तेव्हा वॉर ऑफिसचं गोदाम जळालं आणि पहिल्या युद्धातल्या शिपायांच्या अर्ध्याहून जास्त फाइली गेल्या. उरलेल्यांतल्या बऱ्याच काठाने करपलेल्या, पाण्याने भिजलेल्या आहेत, त्या "बर्न्ट डॉक्युमेंट्स" म्हणून लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल अर्काइव्ह्जकडे आहेत. पण मेडल कार्डं शाबूत राहिली, आणि बटालियनच्या वॉर डायऱ्याही. डायरीत शिपायाचं नाव बहुधा नसतं, अधिकाऱ्यांचीच असतात, पण तो ज्या दिवशी गेला त्या दिवशी बटालियन कुठे होती, पाऊस होता का, कशावर चालून गेली हे कळतं. सोल्जर्स इफेक्ट्सची रजिस्टरंही बघा, मेल्यावर थकलेला पगार किती आणि कुणाला दिला याची नोंद आहे त्यात, आई, बायको, बहीण, कधीकधी चार भावंडांत वाटून दिलेले काही शिलिंग.

गावातली पॅरिश मॅगझिनं चर्चच्या कपाटात किंवा डॉर्चेस्टरच्या डॉर्सेट हिस्टरी सेंटरमध्ये असू शकतात. व्हिकार दर महिन्याला कोण भरती झाला, कोण जखमी, कुणाची तार आली हे लिहायचे. मला विचाराल तर सगळ्यात जिवंत कागद तेच. डॉर्चेस्टरमध्येच कीप म्युझियम आहे, रेजिमेंटचं. आणि सगळी नावं सैन्यातली समजू नका, पोर्टलंडचं नौदलाचं बंदर जवळ म्हणजे नौदलातलाही एखादा असेल, ३१ मे १९१६ च्या जटलंडच्या लढाईतले कितीतरी असे किनाऱ्यालगतच्या गावांतले होते.

---

घोडनदी

मेसोपोटेमिया १९१६ वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

डॉर्सेट रेजिमेंटची दुसरी बटालियन युद्ध सुरू झालं तेव्हा पुण्यात होती. खरंच. सहाव्या पूना डिव्हिजनमधल्या सोळाव्या ब्रिगेडमध्ये ती होती आणि त्याच ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा पलटण. नोव्हेंबर १९१४ मध्ये हे लोक फाओला उतरले, एप्रिल १९१५ मध्ये शैबाला बरोबर लढले, मग जनरल टाउनशेंडच्या हाताखाली टिग्रिस नदीने वर बगदादच्या रोखाने गेले, टेसिफोनला मोठी हानी झाली आणि मागे सरत नदीकाठच्या कुत गावाला येऊन अडकले. डिसेंबर १९१५ पासून वेढा, खायला शेवटी घोडे आणि खेचरं, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. धरलेल्यांना वाळवंटातून पायी चालवत नेलं, कैदेत ब्रिटिश शिपायांपैकी निम्म्याहून जास्त मेले, हिंदुस्थानी शिपाईही हजारोंनी.

तुमचा माणूस दुसऱ्या बटालियनचा असेल तर तो बहुधा कुतमध्ये किंवा कैदेत गेला. पण नक्की तपासा, कारण चौथ्या टेरिटोरियल बटालियनची एक तुकडीही आधी हिंदुस्थानात आणि मग १९१६ मध्ये मेसोपोटेमियात होती. मे नंतरची तारीख आणि बगदाद नॉर्थ गेट सेमेटरी असं आलं तर कैदी असायची शक्यता जास्त. कबर नसेल तर नाव बसराच्या स्मारकावर सापडेल.

आणि बसराचं स्मारक निघालंच आहे तर हेही सांगतो, मला ते गेल्या काही वर्षांत कळलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. त्या स्मारकावर ब्रिटिश शिपायांची एकेकाची नावं कोरली. हिंदुस्थानी पलटणींच्या फक्त अधिकाऱ्यांची नावं, आणि शिपायांसाठी पलटणीपुढे नुसता आकडा. इतके जण, बस. कमिशनने स्वतः २०२१ मध्ये अहवाल काढून ही असमानता मान्य केली आणि माफी मागितली. तेव्हा ताई, तुमच्या गावातला शेतमजूर आणि त्याच्या शेजारच्या खंदकात बसलेला मराठा शिपाई, दोघांनी एकच वेढा भोगला, एकाचं नाव तुम्ही नोव्हेंबरात मोठ्याने वाचणार आहात. दुसऱ्याचं नाव निदान रजिस्टरात शोधता येतं, कमिशनच्या त्याच वेबसाइटवर ११७ वी मराठा टाकून बघा. वाचणारी मराठी आहे हे मला फार बरोबर वाटतंय.

---

चांदणवेल

घोडनदी, काय लिहू. मी लहानपणी पुण्यातच होते, कॅम्पातून शाळेत जायचे.

काल रात्री टॉर्च घेऊन गेलो. चौथं नाव मिळालं, पाचव्याचं आडनाव मिळालं पण आद्याक्षर अजून नाही. आणि मेसोपोटेमियावाला दुसऱ्या बटालियनचाच आहे, कमिशनच्या नोंदीत आईचं नाव आणि आमच्याच गावातल्या गल्लीचं नाव आलंय, ती गल्ली अजून त्याच नावाने आहे. तारीख ऑगस्ट १९१६, बगदाद नॉर्थ गेट.

व्हिकारना विचारलं की वाचताना आद्याक्षरांऐवजी पूर्ण नावं वाचली तर चालतील का, ते म्हणाले जेवढी खात्रीने मिळतील तेवढी वाच.

---

पायवाट

पूर्ण नावांची कल्पना चांगली आहे. फक्त ज्याचं मिळालं नाही त्याचं आद्याक्षरच वाचा, अंदाजाने जॉन किंवा जेम्स करू नका, गावात त्याचे नातेवाईक अजून असू शकतात. आडनावांचे उच्चार आधी एखाद्या जुन्या माणसाकडून तपासून घ्या, त्या भागात लिहितात एक आणि म्हणतात दुसरंच.

भिंतीजवळचं जे नाव क्रॉसवर नाही त्याबद्दलही व्हिकारशी बोला. क्रॉसवर नवीन नाव कोरायला पुरावा आणि फॅकल्टी दोन्ही लागतील, वेळ जाईल, पण तोंडी वाचायला तेवढं सगळं लागत नाही. २००६ मध्ये ज्या ३०६ जणांना माफी मिळाली, पळून जाणं वगैरे आरोपांवरून आपल्याच सैन्याने गोळी घातलेले, त्यांच्यातल्या काहींची नावं गावांनी अशीच आधी वाचायला सुरुवात केली आणि दगडावर नंतर आली.

आणि तुमच्याच जिल्ह्यात लँग्टन हेरिंग म्हणून गाव आहे, तिथून दोन्ही युद्धांत लढायला गेलेले सगळे जिवंत परत आले, अशा गावांना थँकफुल व्हिलेज म्हणतात, पहिल्या युद्धापुरती मोजली तरी इंग्लंड-वेल्समध्ये मिळून पन्नासेकच. कधी जाऊन या.

---

टाकीचा_घाव

पाचव्याच्या आद्याक्षरासाठी टॉर्च यावेळी खालून वर धरून बघा, पी आणि आर, सी आणि जी हे बाजूच्या प्रकाशात सारखे दिसतात. आणि मिळालेली सगळी नावं, जागा आणि आजचे फोटो इम्पीरियल वॉर म्युझियमच्या वॉर मेमोरियल्स रजिस्टरला पाठवा, त्यांच्याकडे तुमच्या क्रॉसची नोंद बहुधा असेल पण नावं पूर्ण नसतील.

वाचनाच्या दिवशी क्रम व्हिकारकडून आधी लिहून घ्या. लास्ट पोस्टची बिगुलधून आणि अकराची दोन मिनिटांची शांतता वेळेवर यावी लागते, तुमची नावं बहुतेक त्याच्या आधी असतील, तेव्हा घरी एकदा घड्याळ लावून म्हणून बघा, प्रत्येक नावानंतर श्वास घेण्याइतकं थांबून.